खासदार निधी आणि अणशीचा रस्ता

कर्नाटकातलं अणशी गाव ज्या उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतं, त्यात खानापूरसह 8 विधानसभा क्षेत्रं आहेत. खासदार निधी वर्षाला 5 कोटी, म्हणजे प्रत्येक क्षेत्राच्या वाट्याला सरासरी 62.5 लाख. 1993 साली सुरू झालेल्या या योजनेत खासदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं.

रस्त्यांवर हा पैसा वाया जातो तो बहुधा कामांचा क्रम चुकल्यामुळे. अणशी घाटासारख्या मुसळधार पावसाच्या ठिकाणी पाणी डांबरात मुरतं, डांबराची खडीवरची पकड सुटते आणि वाहनांच्या चाकांखाली खड्डा पडतो. म्हणून आधी गटार, मग डांबर. पण गटाराचं उद्घाटन कोण करणार? माझ्या मते हाच खरा रोग आहे. तुमच्या गावातल्या कामाचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागवा आणि त्यात गटाराची तरतूद आहे का, तेवढं नक्की पाहा.