स्कायच्या वाटेवरची रिकामी गावं

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोहून स्काय बेटाकडे निघालं की लॉक लोमंडचा काठ, रॅनॉकचा पाणथळ माळ, ग्लेनकोची दरी आणि आयलीन डोननचा किल्ला अशी ठिकाणं वाटेत लागतात. बेटावर गाडी नेणारा पूल १९९५ साली झाला. मुक्काम बहुतेक वेळा एखाद्या पांढऱ्या बैठ्या कॉटेजमध्ये. प्रत्येक थांब्यावर एकच उद्गार ऐकू येतो : माणसाचा हात न लागलेला निसर्ग! पण इथला एकांत बराचसा माणसांनीच घडवलेला आहे. ग्लेनकोत १६९२ साली सरकारी सैनिकांनी, ज्यांच्या घरी पाहुणचार झोडला त्याच मॅकडॉनल्ड मंडळींना पहाटे कापून काढलं. आयलीन डोनन १७१९ साली ब्रिटिश नौदलाने उडवला. कॅलेंडरवर झळकतो तो विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला किल्ला. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलंडमधल्या बंडखोरांचा पराभव झाल्यावर तिथल्या सरदारांची लढाऊ माणसांची गरज संपली आणि ते निव्वळ जमीनदार उरले. मेंढ्या पाळणारा कुळांपेक्षा जास्त खंड देतो, हे ध्यानात आल्यावर गावंच्या गावं उठवली गेली. स्कायवरची बोरेरेग आणि सूइशनिश ही गावं १८५३ साली अशीच रिकामी झाली. १८४१मध्ये बेटावर सुमारे २३ हजार लोक होते, आज दहा हजारांच्या आसपास आहेत.

जमीनच नापीक, १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला, मग लोक शहरांकडे गेलेच असते, असं यावर म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. उपासमार खरी होती आणि काहीजण आपणहून गेलेही. पण १८८२ साली याच बेटावरच्या ब्रेझच्या शेतकऱ्यांनी कुरणाच्या हक्कासाठी पोलिसांशी झुंज घेतली, आणि १८८६च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं. निघून जायला उत्सुक असलेली माणसं कुरणासाठी डोकी फोडून घेत नाहीत. सुट्टीत हा इतिहास कशाला, असं कुणी विचारेल. पण राहण्याची जागाही त्यातून सुटत नाही : अनेक जुनी घरं पर्यटकांना भाड्याने जातात आणि बेटावर काम करणाऱ्यांना घर मिळणं अवघड होतं. पर्यटनावर इथे पोट चालतं, हेही खरंच. म्हणून जाऊच नये असं मी म्हणणार नाही. मात्र बेटावरच्या फेअरी पूल्स या लोकप्रिय डोहांच्या गर्दीतला वेळ थोडा कमी करावा. ब्रॉडफर्ड ते एल्गोल रस्त्यावर किलख्रिस्तच्या पडक्या चर्चपासून बोरेरेगला पायवाट जाते, आणि तिथल्या घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत.