विश्लेषण : डांबरी रस्त्यावरची रॅली म्हणजे नेमके काय? ती कळमेश्वरात होऊ शकेल का?

आपल्याकडे रॅली म्हटली की झेंडे लावलेल्या दुचाकी, पुढे डीजेची गाडी आणि मागे खोळंबलेली वाहतूक डोळ्यांसमोर येते. जागतिक मोटर स्पोर्टमधली रॅली याच्या अगदी उलट असते. तिथे आधी वाहतूक थांबवतात, रस्ता पूर्ण रिकामा करतात आणि मगच पहिली गाडी सुटते. समाजमाध्यमांवर मोंटे कार्लो किंवा जपानमधल्या रॅलीच्या चित्रफिती पाहून ‘असे आपल्या काटोल रोडवर का होत नाही?’ असे विचारणारी तरुण मंडळी नागपूर, कळमेश्वर, सावनेरकडे कमी नाहीत. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर गाडीच्या ताकदीत शोधून सापडणार नाही, ते रस्त्यात आहे.

सर्किटवरील शर्यत आणि रॅली यांत फरक काय?

फॉर्म्युला वनमध्ये सगळ्या गाड्या एकाच बंदिस्त ट्रॅकवर एकमेकींशी झुंजतात. रॅलीत गाडी एकटी धावते आणि झुंज असते ती घड्याळाशी. तीन-चार दिवसांच्या रॅलीत साधारण १५ ते २० ‘स्पेशल स्टेज’ असतात. स्टेज म्हणजे रोजच्या वापरातल्या रस्त्याचा काही किलोमीटरचा, त्या वेळेपुरता बंद केलेला तुकडा. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडतात, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ मोजतात आणि सर्व स्टेजची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो जिंकतो. जागतिक अजिंक्यपद मालिकेत, म्हणजे डब्ल्यूआरसीमध्ये, अशा एका रॅलीत स्टेजचे अंतर साधारण ३०० ते ३५० किलोमीटर भरते.

एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजकडे जाताना मात्र हीच गाडी सामान्य वाहतुकीत असते. तिला नंबरप्लेट असते, सिग्नलला थांबावे लागते आणि वेगमर्यादा मोडली तर दंड होतो. पुढच्या नाक्यावर एक मिनिट उशिरा पोहोचले तर १० सेकंदांचा दंड. एक मिनिट आधी पोहोचले तर चक्क एक मिनिटाचा! उशिरापेक्षा घाई महाग, हा नियम आपल्या हायवेवरही लागू करायला हरकत नाही.

डांबरावरची रॅली वेगळी का?

बहुतेक रॅली माती-खडीवर होतात. २०२५ च्या डब्ल्यूआरसीतील १४ फेऱ्यांपैकी मोंटे कार्लो, कॅनरी बेटे, मध्य युरोप आणि जपान एवढ्याच डांबरावर होत्या. डांबरावर गाडी खाली बसवतात, सस्पेन्शन कडक करतात आणि १५ ऐवजी १८ इंचांची चाके लावतात. मातीवर गाडी घसरत घसरत वळवता येते, चूक झाली तरी सावरायला थोडी जागा मिळते. डांबरावर पकड जास्त, त्यामुळे वळणातला वेग जास्त आणि चुकीला जागा जवळजवळ नाही. रस्त्याच्या कडेला शेत नसते, दगडी कठडा किंवा झाड असते.

मातीवर सर्वांत आधी सुटणाऱ्या गाडीचा तोटा होतो. वरची सुटी खडी तिला झाडावी लागते आणि मागच्यांना साफ रस्ता मिळतो. डांबरावर हिशेब उलटतो. वेळ वाचवण्यासाठी चालक वळणाच्या आतल्या बाजूने गाडी साइडपट्टीवर घालतात. याला ‘कट’ म्हणतात. प्रत्येक कटबरोबर थोडी माती डांबरावर येते आणि दहाव्या-पंधराव्या गाडीपर्यंत ते वळण चिखलाचे झालेले असते. म्हणून डांबरावर आधी सुटणारा नशीबवान.

विदर्भातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती डांबरावर पसरते आणि वर रिमझिम झाली की त्या पन्नास फुटांत दुचाकी कशी निसटते, हे कळमेश्वर-मोहपा भागातल्या प्रत्येकाने एकदा तरी अनुभवले आहे. रॅलीचालक त्याच पन्नास फुटांवरून चौपट वेगाने जातो. फरक इतकाच, की तिथे माती आहे हे त्याला आधी ठाऊक असते.

ठाऊक कसे? रॅलीच्या आधी चालक आणि शेजारी बसणारा सहचालक साध्या गाडीतून, ठरलेल्या वेगमर्यादेत, प्रत्येक स्टेजवरून दोनदा जातात आणि प्रत्येक वळणाची नोंद करतात. ‘डावे चार, शंभर, उजवे दोन, आवळत जाणारे, कट नको’ अशा धाटणीची ती भाषा असते. आकडा वळणाचा तीव्रपणा सांगतो, ‘शंभर’ म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचे मीटर. स्टेजवर सहचालक हे सतत वाचत असतो आणि चालक डोळ्यांना दिसणाऱ्या रस्त्यापेक्षा कानावर पडणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवतो.

मोंटे कार्लोची एवढी चर्चा का?

ही रॅली १९११ मध्ये सुरू झाली. १९७३ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले ते याच रॅलीने. दरवर्षी जानेवारीत फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात ती होते. डांबर एकच, पण पायथ्याशी कोरडे, मध्ये ओले आणि वर बर्फाळ. प्रसिद्ध तुरिनी घाट १,६०७ मीटर उंचीवर आहे. एकाच स्टेजमध्ये तिन्ही प्रकारचा रस्ता लागतो आणि टायर मात्र सकाळीच निवडायचे असतात. बर्फासाठी खिळ्यांचे टायर घेतले तर कोरड्या डांबरावर वेळ जातो, कोरड्यासाठी गुळगुळीत घेतले तर घाटमाथ्यावर गाडी हातात राहत नाही. शर्यतीआधी काही तास प्रत्येक संघाची एक वेगळी जोडी त्या रस्त्यावरून जाऊन कुठे बर्फ धरला आहे ते चालकाच्या वहीत खुणावते. सेबॅस्टियन ओजिएने २०२५ मध्ये ही रॅली दहाव्यांदा जिंकली. तो गॅप नावाच्या याच डोंगराळ भागातल्या गावचा आहे. घरचा रस्ता माहीत असण्याचा फायदा असतोच.

कळमेश्वर-मोहपा रस्त्यावर स्टेज घ्यायची झाली तर?

कल्पनाच करायची तर नीट करू. या रस्त्यावर सकाळी एसटी असते, दुधाच्या गाड्या असतात, एमआयडीसीच्या पाळीला निघालेले कामगार असतात. संत्र्याच्या हंगामात भरलेल्या ट्रकांची रांग असते. एकादशी असेल तर धापेवाड्याच्या विठोबाला निघालेली मंडळी आसपासच्या सगळ्या रस्त्यांवर पायी असतात. पहिली गाडी सुटण्याच्या काही तास आधी हे सगळे थांबवावे लागेल.

तरीही मोठे रस्ते अडवणे त्यातल्या त्यात सोपे. खरी अडचण पांदणीची. डांबरी रस्त्याला दर थोड्या अंतरावर एखादी पांदण, एखादी पायवाट, एखाद्या घराचे अंगण येऊन मिळते. त्या प्रत्येक तोंडाशी शिट्टी आणि झेंडा घेतलेला माणूस उभा हवा, तोही दिवसभर, न हलता. वावरात गेलेल्या माणसाला आणि चरायला सोडलेल्या जनावरांना रस्ता कधी बंद आणि कधी सुरू हे माहीत हवे. स्टेजच्या सुरुवातीला रुग्णवाहिका, डॉक्टर आणि अग्निशमनाची गाडी, मध्ये ठरावीक अंतरावर रेडिओ संपर्क. त्यानंतर सुरक्षेच्या गाड्या एकामागून एक रस्ता तपासत जातात. शेवटच्या गाडीला कुठेही गडबड दिसली तर स्टेज सुरूच होत नाही.

हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई आणि चेन्नईत २०२४ मध्ये फॉर्म्युला फोर सार्वजनिक रस्त्यांवर झाली, मग रॅली का नाही, असा युक्तिवाद होतो. पण ते मार्ग जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरचे, दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे अडथळे आणि जाळ्या लावलेले. वीस किलोमीटरच्या ग्रामीण रस्त्याला कुंपण घालता येत नाही. तिथे कुंपणाचे काम माणसांनाच करावे लागते.

आणि रस्ता खरोखर बंद नसेल तर?

२१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची फेरी सुरू होती. स्टेज चालू असताना एक दुचाकी मार्गावर आली. तिच्यावर पती, पत्नी आणि त्यांचा मुलगा होते. भरधाव रॅली कारची धडक बसून तिघांचाही मृत्यू झाला. वळणापलीकडे कोणी नसणार, या विश्वासावरच रॅलीचालक वेग ठेवतो. तो विश्वास त्या दिवशी खोटा ठरला. रॅली तिथेच थांबवण्यात आली. त्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र तो रोजचाच रस्ता होता.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जपानमध्ये २०२४ च्या रॅलीत शनिवारी एक अनधिकृत वाहन स्टेजमध्ये शिरले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण ती स्टेज रद्द झाली आणि संयोजकांना दंड ठोठावण्यात आला.

प्रेक्षकांचा प्रश्न तर जुना आहे. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालमधील सिंत्रा येथे, डांबरी स्टेजवरच, रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेल्या गर्दीत गाडी घुसली. तीन प्रेक्षक ठार झाले आणि तीसहून अधिक जखमी. दोनच महिन्यांनी कॉर्सिकाच्या डांबरी रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची गाडी घाटातून खाली कोसळून पेटली, दोघेही गेले. त्यानंतर ‘ग्रुप बी’ या अतिवेगवान गाड्या अजिंक्यपदातून बाद झाल्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रेक्षकांना उभे राहू न देण्याचा आग्रह अशाच अपघातांतून वाढत गेला. आपल्याकडे बैलांच्या शंकरपटाला गर्दी धावपट्टीला कशी खेटून उभी असते ते आठवले, तर हे काम किती अवघड आहे याचा अंदाज येईल.

महाराष्ट्रात रॅली झाल्याच नाहीत का?

झाल्या. नाशिक परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ राष्ट्रीय मालिकेचा भाग म्हणून झाली आहे. पण भारतातल्या बहुतेक रॅलींसारखीच ती कच्च्या रस्त्यांवरची. चिकमगळूरची रॅली कॉफीच्या मळ्यांतल्या मातीच्या वाटांवर होते. मळ्याला फाटक असते, मालक एक असतो आणि त्याच्याशी बोलता येते. डांबरी रस्त्याचा मालक कोण, तर सगळेच. आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद २०१३ मध्ये जिंकणारा पहिला भारतीय गौरव गिल आणि त्याच्या पिढीचे चालक प्रामुख्याने अशा मातीवरच घडले. डांबरी घाटांचा सराव ज्याला लहानपणापासून मिळतो त्या युरोपीय चालकाशी आपल्या चालकाची स्पर्धा तिथेच विषम होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८९ स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे आणि त्यात भाग घेणे, दोन्ही गुन्हा आहे. पूर्वी दंड अवघा ५०० रुपये होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणजे रात्री रिकाम्या रस्त्यावर मोबाइल लावून केलेली ‘रॅली’ ही रॅली नव्हेच, तिथे एकही पांदण कोणी अडवलेली नसते.

पण याच कलमात वाटही आहे. लेखी संमती मिळाली तर शर्यत गुन्हा ठरत नाही, आणि कलम ११५ खाली रस्त्यावरील वाहतुकीवर निर्बंध घालता येतात. अडचण कायद्याची कमी आणि मनुष्यबळाची जास्त आहे. एका स्टेजसाठी शेकडो प्रशिक्षित स्वयंसेवक लागतात आणि ते एका रात्रीत तयार होत नाहीत. युरोपात ही माणसे गावोगावच्या मोटर क्लबांतून येतात, वर्षानुवर्षे तोच चौक सांभाळतात.

तोवर हौशी मंडळींसाठी ‘टीएसडी’ नावाचा प्रकार आहे. तो चालू वाहतुकीत, ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने खेळतात आणि वेग कायद्याच्या मर्यादेतच ठेवतात. नकाशा वाचणारा सहचालक, घड्याळ आणि डोके एवढे पुरते. कळमेश्वरहून निघून धापेवाड्याला ठरल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी पोहोचलेल्या स्पर्धकाला त्यात शाबासकी मिळत नाही, दंडाचे गुण मिळतात.