पहिले बेचाळीस दिवस

दक्षिण दिल्लीत मुनिरक्याला बाबा गंगनाथ मार्गावर राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्था आहे. दोन जुन्या संस्था एकत्र करून १९७७ साली ती उभी राहिली. देशभरातले आरोग्य अधिकारी इथे प्रशिक्षणाला येतात. २०१४ साली याच संस्थेत माता-बालकांच्या नोंदी पडताळणारे कॉल सेंटर सुरू झाले. गरोदर बाईला किंवा गावच्या आशाताईला थेट फोन लावायचा आणि तपासणी झाली का, बाळाला लस मिळाली का, हे विचारायचे.

संस्थेच्या आजूबाजूला मुनिरका गाव पसरले आहे. मूळचे जाटांचे गाव. आता एकमेकांना चिकटलेल्या इमारती, अंधारे जिने आणि भाड्याच्या खोल्या. बिहार, उत्तर प्रदेश, ईशान्य भारत, कुठून कुठून आलेली तरुण जोडपी इथे राहतात. अशा खोलीत दिवस गेलेल्या मुलीला सफदरजंग किंवा एम्ससारखी मोठी रुग्णालये जवळ आहेत. नसते ते माहेर. बाळंतपण रुग्णालयात होते आणि दोन-तीन दिवसांत ती बाळाला घेऊन खोलीवर परतते. नवरा कामावर गेला की बाळ नीट पीत नाही म्हणजे नेमके काय, हे विचारायला जवळ कुणी नसते. पुण्या-मुंबईच्या उपनगरांतही हेच चित्र आहे.

जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस सर्वांत धोक्याचे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हजार जन्मांमागे या काळातले मृत्यू देशात २४.९ आणि महाराष्ट्रात १६.५ होते. आपला आकडा कमी आहे, पण त्यावर समाधान मानावे असे मला वाटत नाही. आनंदीबाई जोशींचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्याकडे वळल्या आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच.

या अठ्ठावीस दिवसांचे उत्तर शोधले गेले ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५पासून ३९ गावांत त्याच गावांतल्या बायकांना तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, बाळ उबेत ठेवायला शिकवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे सगळे त्या घरी जाऊन करत. नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. इंजेक्शन डॉक्टरनेच द्यायचे, या समजाला तो मोठा धक्का होता. २०११ साली केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याचे काम आशांकडे सोपवले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, अशा सहा भेटी. या सर्व भेटींचे मिळून मोल ठरले २५० रुपये! एक जीव राखण्याच्या कामाला हा मोबदला लाजिरवाणा आहे.

दुसरे उत्तर मुनिरक्याच्या शेजारचे. फार कमी वजनाचे बाळ आईपासून काढून काचेच्या पेटीत ठेवायचे आणि स्थिरावल्यावर छातीशी द्यायचे, अशी रीत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात पाच देशांतल्या रुग्णालयांनी हा क्रम उलटा केला. भारतातले रुग्णालय होते सफदरजंग. एक ते १.८ किलोच्या आतले बाळ जन्मताच आईच्या उघड्या छातीशी, आणि अतिदक्षता विभागातच आईला खाट. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरीही बाळाच्या खोलीबाहेर बाकावर बसवलेली बाळंतीण आजही अनेक रुग्णालयांत दिसते.

दुधासाठीही असेच एक उत्तर निघाले. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. ज्या बाळाला आईचे दूध मिळत नाही, त्याला दुसऱ्या आईचे मिळावे म्हणून.

आपल्या घरांतले काय ठेवावे आणि काय टाकावे, हेही स्पष्ट बोलायला हवे. सव्वा महिन्याची विश्रांती, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, हे बाळंतिणीला जरूर द्यावे. बाळाला मात्र घुटी, मध, पाणी काहीच नको. सहा महिने फक्त आईचे दूध. पहिला चीक काढून टाकू नये, त्यात संसर्गाशी लढण्याची ताकद असते. जन्मताच आंघोळ घालू नये, बाळ गारठते. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक देणे जिवावर बेतू शकते.

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत मोबाइलवर सल्ला ऐकवणारी केंद्राची ‘किलकारी’ सेवा २०१६ साली सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०२४मध्ये आली. उपयोगी आहे, पण ध्वनिमुद्रित आवाज बाळाच्या पोटाला हात लावून ते गार आहे का, हे सांगू शकत नाही. त्यासाठी माणूसच दारात यायला हवा.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या इमारतीत, गल्लीत कुणी माहेराविना बाळंतीण झाली असेल तर आशाताई येऊन गेली का, हे विचारा. आली नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवा. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, श्वास भराभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ मलूल पडले असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला आईसह रुग्णालयात न्या.