प्रश्नचिन्हाच्या पुढचा मजकूर

यूट्यूबवरचा एखादा नेहमीचा व्हिडिओ संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि वरच्या पट्टीतला पत्ता नीट बघा. मधेच एक प्रश्नचिन्ह दिसेल. त्यापुढे इंग्रजी 'व्ही', मग बरोबरचं चिन्ह, मग अकरा अक्षर-आकड्यांचा अगम्य गुच्छ. ती त्या व्हिडिओची ओळख. आता या पत्त्याच्या शेवटी स्वतःच्या हाताने '&', इंग्रजी 'टी', बरोबरचं चिन्ह आणि ९० एवढं टाइप करून एंटर दाबा. व्हिडिओ थेट दीड मिनिटापासून सुरू होईल. पासवर्ड नाही, परवानगी नाही. पत्त्याला पाच चिन्हं जोडली आणि पान वेगळं वागलं.

प्रश्नचिन्हापुढच्या या मजकुराला क्वेरी स्ट्रिंग म्हणतात आणि त्यातल्या 'नाव बरोबर किंमत' अशा प्रत्येक जोडीला पॅरामीटर. सर्व्हरवरच्या स्क्रिप्टने तो वाचायचा आणि त्याप्रमाणे पान तयार करून द्यायचं, असा हा व्यवहार. वेब प्रोग्रामिंग शिकणारी मुलं हे पहिल्या काही दिवसांतच करतात. तरीही या सोप्या कामात नामांकित कंपन्यांचे हात पोळले आहेत. वाचणं एक आणि मानणं दुसरं, हा फरक विसरला की ते होतं.

ही पद्धत वेबइतकीच जुनी. स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभारलं तेव्हा पानं मुख्यतः वाचण्यासाठी होती. पण खुद्द सर्नमध्ये वेबला गिऱ्हाईक मिळालं ते तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीमुळे, आणि डिरेक्टरी म्हटली की शोधणं आलं. शोधायचे शब्द सर्व्हरला कळवायचे कसे? पत्त्यालाच जोडून, प्रश्नचिन्हापुढे, मधल्या जागी अधिकाचं चिन्ह घालून. मोकळ्या जागेसाठी तिथे अधिकाचं चिन्ह दिसतं ते तेव्हापासून.

पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात वेब सर्व्हर लिहिणाऱ्या रॉब मॅकूल आणि इतरांनी एक सामाईक रीत ठरवली. तिचं नाव कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजे सीजीआय. मागणी आली की सर्व्हरने पत्ता प्रश्नचिन्हाशी तोडायचा, उरलेला भाग 'क्वेरी स्ट्रिंग' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि स्क्रिप्ट चालू करायची. स्क्रिप्ट पर्लमध्ये असो की सीमध्ये, तिने तिथून उचलायचं. आज मधे लायब्ररी आणि फ्रेमवर्कचे कितीतरी थर आले, पण पीएचपीत किंवा पायथॉनमध्ये तळाशी जाऊन पाहिलं तर हेच व्हेरिएबल याच नावाने सापडतं. पत्त्यात '#' चिन्ह असेल तर त्यापुढचा भाग मात्र ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो, तो सर्व्हरला कधीच पाठवत नाही.

आता वाचण्याची रीत. आलेला मजकूर '&' चिन्हांपाशी तोडायचा म्हणजे जोड्या सुट्या होतात. प्रत्येक जोडी पहिल्या '=' पाशी तोडायची म्हणजे नाव आणि किंमत मिळते. पण किमतीतच '&' असलं तर? कोणी 'वडा & पाव' असं शोधलं तर? त्यासाठी अशी चिन्हं टक्क्याच्या वेषात पाठवतात. '&' चं होतं %२६, मोकळ्या जागेचं (अधिकाचं चिन्ह वापरलं नसेल तर) %२०, खुद्द टक्क्याचं %२५. (प्रत्यक्षात हे आकडे अर्थातच इंग्रजी लिपीत असतात.) आधी तोडायचं, मग वेष उतरवायचा, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. आधीच वेष उतरवला तर %२६ चं '&' होतं, मजकूर तिथे तुटतो आणि वड्यापासून वेगळा झालेला पाव नवा पॅरामीटर म्हणून समोर उभा राहतो.

वेष एकदाच उतरवायचा, दोनदा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये ही चूक होती. पत्ता एकदा उलगडून तो धोकादायक नाही ना हे तपासलं जायचं, आणि तपासणीनंतर तो पुन्हा एकदा उलगडला जायचा. म्हणजे दुहेरी वेष घालून आलेला चोर चौकीवरून सुखरूप आत. मायक्रोसॉफ्टने मे २००१ मध्ये दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नव्हती अशा सर्व्हरमध्ये त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'निम्दा' हा संगणकी किडा घुसला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी ही एक होती. ही करामत पत्त्याच्या प्रश्नचिन्हाआधीच्या भागात झाली होती, पण टक्क्याचे नियम दोन्हीकडे एकच आहेत.

मराठीला या वेषाची किंमत जरा जास्तच मोजावी लागते. 'पुणे' या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हं आहेत: प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे झाले १२ बाइट. प्रत्येक बाइटचा टक्का आणि पुढची दोन चिन्हं धरली की 'पुणे' होतं ३६ चिन्हांचं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी मराठी विकिपीडियाची लिंक पाठवली की टक्क्यांची माळ दिसते ती यामुळे. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पत्ता २,०८३ चिन्हांपेक्षा लांब चालत नसे. मराठीत हिशेब केला तर जेमतेम २३० अक्षरचिन्हांत ती मर्यादा संपायची, तीही पत्त्याचा बाकी भाग शून्य धरून.

उलगडून हाती आलेली प्रत्येक किंमत हा मजकूर असतो, संख्या नव्हे. स्क्रिप्टने तिची संख्या करून घ्यायची असते, आणि इथे मराठी वापरणाऱ्यासाठी एक मजेशीर सापळा आहे. समजा कोणी मराठी कळफलकावरून नगांच्या रकान्यात देवनागरी '१०' लिहिलं. पायथॉन आणि जावा या भाषांची संख्या करून देणारी नेहमीची फंक्शन याला बिनतक्रार दहा मानतात. जावास्क्रिप्ट सांगते, ही संख्याच नाही. पीएचपीत सक्तीने पूर्णांक करायला सांगितलं तर उत्तर येतं शून्य, आणि तेही निमूटपणे. एकाच गिऱ्हाइकाची मागणी एका दुकानात दहा, दुसऱ्यात शून्य. आपल्याकडे मराठी अर्ज ऑनलाइन घेणाऱ्या प्रत्येक साइटने ही चाचणी एकदा तरी करून बघावी, असं माझं मत आहे. तपासणारे बहुधा इंग्रजी आकडेच टाइप करतात.

एकच नाव दोनदा आलं तर काय करायचं, यावर तर भाषांचं एकमतच नाही. रंग लाल आणि पुन्हा रंग निळा असं पाठवलं तर पीएचपी शेवटचा निळा घेते, जावाची नेहमीची पद्धत पहिला लाल घेते आणि एएसपी डॉट नेट दोन्ही स्वल्पविरामाने जोडून देते. वरवर ही किरकोळ बाब. पण पहारा देणारा फायरवॉल पहिली किंमत तपासत असेल आणि आतली स्क्रिप्ट दुसरी वापरत असेल, तर पहाऱ्याला अर्थ उरत नाही. २००९ मध्ये स्तेफानो दि पाओला आणि लुका कारेत्तोनी या इटालियन अभ्यासकांनी हा प्रकार पद्धतशीर मांडला.

सोयीच्या नादात केवढा घोळ होतो याचा नमुना पीएचपीच्याच इतिहासात आहे. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी लिहिलेली ही साधनं पुढच्या वर्षी सगळ्यांना खुली केली, आणि ती तुफान लोकप्रिय झाली. पत्त्यात 'शहर बरोबर सातारा' आलं की स्क्रिप्टमध्ये शहर नावाचं व्हेरिएबल आपोआप तयार! वाचायचे कष्टच नाहीत. पण मग एखाद्या स्क्रिप्टमध्ये 'पासवर्ड बरोबर असेल तर अधिकारी = १' असं लिहिलेलं असेल आणि सुरुवातीला अधिकारी शून्य करायचं राहून गेलं असेल, तर कोणीही पत्त्याला 'अधिकारी = १' जोडून साहेब होऊ शकत होता. २००१ मध्ये पॅरामीटर वेगळ्या, ठळक नावाच्या पेटीतून वाचायची सोय आली. २००२ च्या ४.२ आवृत्तीत जुनी खोड मुळात बंद ठेवली गेली, आणि ती पूर्ण काढून टाकली २०१२ च्या ५.४ आवृत्तीत. मधली दहा वर्षं लागली, कारण तिच्या आधारावर उभ्या असलेल्या असंख्य साइट एका फटक्यात मोडल्या असत्या.

मुलाच्या हाती वाण्याकडे पाठवलेल्या चिठ्ठीत 'साखर एक किलो' आईने लिहिलेलं असतं. त्याखालचं 'चॉकलेट दोन' कोणी लिहिलं हे वाण्याला कळायला मार्ग नसतो. सर्व्हरची अवस्था अगदी हीच. लिंक त्यानेच बनवून दिलेली असली तरी परत येताना ती तशीच आली याची हमी नाही.

अमेरिकेतल्या एटी अँड टी या कंपनीला हे २०१० मध्ये कळलं. पहिला आयपॅड नुकताच बाजारात आला होता आणि त्याची थ्रीजी सेवा या कंपनीकडे होती. ग्राहकाला दर वेळी ईमेल टाइप करावा लागू नये म्हणून कंपनीने युक्ती केली. सिम कार्डावरचा एकोणीस-वीस आकडी क्रमांक पत्त्यात पॅरामीटर म्हणून यायचा आणि सर्व्हर त्या क्रमांकाच्या ग्राहकाचा ईमेल लॉगिनच्या रकान्यात आयता भरून द्यायचा. दोघा तरुणांच्या हे लक्षात आलं. क्रमांकातला एक आकडा बदलला की दुसऱ्याच कुणाचा ईमेल हजर. मग एक छोटा प्रोग्राम क्रमांकामागून क्रमांक विचारत राहिला आणि ५ ते ९ जून या दिवसांत १,१४,००० ईमेल पत्ते गोळा झाले.

इथे कोणतंही कुलूप फोडलं गेलं नव्हतं. सर्व्हरला विचारलं, त्याने सांगितलं. दोघांपैकी अँड्र्यू ऑर्नहायमर याला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. एप्रिल २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली, पण कारण दिलं ते खटला चुकीच्या राज्यात चालवल्याचं. पत्त्यातला आकडा बदलणं हा गुन्हा आहे का, या मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

दुरुस्ती मात्र साधी आहे. क्रमांक विचारला गेला की तो विचारणाऱ्याच्या मालकीचा आहे का, हे सर्व्हरने आपल्या नोंदीत पडताळायचं आणि नसेल तर सरळ नकार द्यायचा. क्रमांक लांबलचक आहे, कोण अंदाज करणार, हा भरवसा पुरेसा नाही. मे २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघड केलं, की फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या साइटवर पत्त्यातला क्रमांक बदलत गेलं तर सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं लॉगिनशिवाय बघता येत होती. एटी अँड टीनंतर नऊ वर्षांनी पुन्हा तेच.

क्वेरी स्ट्रिंगमध्ये काय लिहू नये, याचाही एक धडा आहे. आजच्या कुलूपबंद जोडणीत हा मजकूर वाटेत कोणाला दिसत नाही, पण तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत उतरतो, आणि पूर्वी पानावरच्या जाहिरातदारांनाही 'कुठून आलात' या नोंदीतून पोचत असे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य विम्याच्या साइटबाबत हेच उघडकीला आलं. वय, उत्पन्न, पिनकोड, धूम्रपान करता का, गरोदर आहात का, सगळं प्रश्नचिन्हापुढे मांडलेलं आणि डबलक्लिक या जाहिरात कंपनीपर्यंत जाणारं. गदारोळानंतर सरकारने ते आटोक्यात आणलं. ब्राउझरवाल्यांनीही पुढे मूळ धोरण बदललं. क्रोमने २०२० मध्ये परक्या साइटला फक्त मुख्य पत्ता कळेल अशी व्यवस्था केली.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणाऱ्यांना एकच सांगणं: पॅरामीटरची किंमत डेटाबेसच्या आज्ञेत जशीच्या तशी चिकटवू नका. 'एसक्यूएल इंजेक्शन' हा प्रकार १९९८ च्या अखेरीपासून जगजाहीर आहे, आणि आज्ञा वेगळी, किंमत वेगळी पाठवण्याची सोय प्रत्येक भाषेत आहे. ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीने जुन्या पानांकडे दुर्लक्ष केलं, २०१५ मध्ये याच वाटेने १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली आणि चार लाख पौंडांचा दंड भरावा लागला.

आणि प्रोग्रामिंगशी संबंध नसलेल्या वाचकांना: एखाद्या साइटवर स्वतःची पावती बघताना पत्त्यात क्रमांक दिसला, तर एक आकडा बदलून बघायचा मोह होईल. तो आवरा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती बघणं, उतरवून घेणं येतं, आणि अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शंका आली तर त्या साइटच्या चालकांना कळवा. त्यांनी दाद दिली नाही, तर केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा त्रुटींची खबर घेते. खबर तिथे द्या, दुसऱ्याची पावती उघडू नका.