व्हॉल्व्ह गिटार अँप्लिफायरमधील फेरबदल
व्हॉल्व्ह गिटार अँप्लिफायरमधील फेरबदल म्हणजे निर्वात नलिकांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या गिटार ध्वनिवर्धकाचा नाद सुधारण्यासाठी त्याच्या परिपथात केलेले बदल होत.

जास्त वर्धनाच्या ध्वनिवर्धकात लागोपाठचे टप्पे गिटारचा संकेत वाढवून मुद्दाम विकृत करतात. रॉक व मेटल संगीतातील खरखरीत, लांबणारा नाद त्यातूनच मिळतो. मात्र विकृतीपूर्वी खर्ज स्वर जास्त असल्यास नाद गढूळ होतो. म्हणून पहिल्या टप्प्यात ऋणाग्राला जोडलेले २५ मायक्रोफॅरडचे धारित्र काढून ०.६८ मायक्रोफॅरडचे बसवतात. १९८१ साली आलेल्या मार्शल जेसीएम ८०० मालिकेच्या पूर्ववर्धकात हेच मूल्य आढळते. वर्धन अति वाटल्यास १२एएक्स७ नलिकेऐवजी (वर्धनांक १००) १२एटी७ (वर्धनांक ६०) लावतात. त्यासाठी डाख द्यावा लागत नाही.

परिपथात ४०० व्होल्टहून अधिक दाब असू शकतो व वीज बंद केल्यावरही तो धारित्रांत टिकतो. त्यामुळे रोधकाद्वारे धारित्रे रिकामी करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालणे प्राणघातक ठरू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यासह महाराष्ट्रात घरगुती वीज २३० व्होल्टची असल्याने १२० व्होल्टच्या अमेरिकी ध्वनिवर्धकास योग्य रोहित्र आवश्यक असते.