गाडी घेण्याआधी घरचा हिशोब

पालकहो, विश्रामबागेतून सांगली-मिरज रस्त्याच्या शोरूमकडे निघण्याआधी वही-पेन घ्या, मुलांनाही सोबत बसवा. शेकडेवारीचा पाठ घरीच होईल.

'एक्स-शोरूम' म्हणजे पूर्ण किंमत नव्हे. 8 लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 88,000 रुपये. शिवाय विमा, नोंदणी. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरही भाव विचारा. प्रत्येक रक्कम लेखी मागा.

आता हप्ता. 9 टक्क्यांनी 6 लाख कर्ज काढलं, तर 5 वर्षांसाठी महिना सुमारे 12,455 रुपये, 7 वर्षांसाठी 9,653. दुसरा हलका वाटतो ना? पण त्यात व्याज सुमारे 63,500 रुपये जास्त जातं! म्हणून 'महिन्याला किती?' याच्या आधी 'एकूण किती?' हे विचारा.