‘करणे’, ‘करना’, ‘करवुं’ : एका क्रियापदाची काळ व अर्थ यांतील रूपे

सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तापीकाठचे तालुक्याचे गाव. राष्ट्रीय महामार्ग ४८ येथून जातो आणि सुरत शहराची वस्तीही आता या दिशेने वाढत आली आहे. परिसराची भाषा गुजराती. परंतु सुरतेच्या कापड उद्योगामुळे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत आणि घरात उर्दू बोलणारी कुटुंबेही आहेत. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी व उर्दू माध्यमांच्याही शाळा चालवते. अशा परिसरातील विद्यार्थी महाविद्यालयाच्या वर्गात येतो तेव्हा त्याच्या कानात ‘कर’ या एकाच धातूच्या तीन रूपावळ्या बसलेल्या असतात. त्या जवळजवळ सारख्या ऐकू येतात, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते.

एक साधे उदाहरण घ्यावे. मराठी घरातला एखादा तरुण अर्ज भरताना गुजराती कारकुनाला सांगतो, ‘हुं मिलमां काम करतो.’ त्याच्या मनात मराठी वाक्य आहे : मी गिरणीत काम करतो. गुजराती ऐकणारा मात्र ‘मी गिरणीत काम करत असे’ असा अर्थ घेतो. म्हणजे नोकरी पूर्वी होती, आज असेलच असे नाही. ‘आज करतो’ हे सांगायला गुजरातीत ‘करुं छुं’ लागते. दोन्ही भाषांत ‘करतो’ हा शब्द आहे, उच्चार जवळचा आहे, पुल्लिंग एकवचनही तेच आहे. बदलला आहे तो फक्त काळ. अशा वाक्यावर तांबडी रेघ मारून ‘काळ चुकला’ असे लिहिणारा अध्यापक चूक दाखवतो, पण तिचे कारण दाखवत नाही. विद्यार्थ्याला काळ कळत नाही असे नसते. त्याने एका भाषेचे रूप दुसऱ्या भाषेच्या घरात ठेवलेले असते.

उर्दूत हेच रूप तिसऱ्या ठिकाणी बसते. ‘वह काम करता है’ हा हाल, म्हणजे वर्तमानकाळ. पण तो ‘है’ मुळे. ‘है’ काढून नुसते ‘करता’ ठेवले की ‘काश वह काम करता’ असे न घडलेल्या गोष्टीचे वाक्य होते. उर्दू व्याकरणात याला माज़ी-ए-तमन्नाई म्हणतात. मराठीतही या अर्थाचा अवशेष आहे. ‘तो अभ्यास करता, तर पास होता’ या वाक्यातील ‘करता’ हा संकेतार्थ होय. आजचा विद्यार्थी असे वाक्य क्वचितच लिहितो. तो ‘केला असता, तर झाला असता’ असे लिहितो. तरीही उर्दूच्या अध्यापकाला माज़ी-ए-तमन्नाई समजावताना मराठीतील हे जुने ‘करता’ फार उपयोगी पडते.

एवढा फरक कसा पडला? संस्कृत-प्राकृतातून आलेल्या जुन्या वर्तमानकाळाचे ‘करइ’ हे रूप पाहिले की उलगडा होतो. गुजरातीने ते वर्तमानातच ठेवले आणि त्याला ‘छे’ची जोड दिली : ‘ए करे छे’. उर्दूत ‘करे’ वर्तमानातून सरकून मुज़ारेत गेले : ‘वह करे तो अच्छा है’, ‘अगर वह करे’. त्यात आता इच्छा, शक्यता, परवानगी आहे. प्रत्यक्ष घडणे नाही. मराठीत ते तिसरीकडे, भूतकाळात गेले : ‘तो रोज पहाटे उठे, व्यायाम करी’. ज्याला आपण रीतिभूतकाळ म्हणतो तो मुळात जुना वर्तमानकाळ आहे. एकाच आईची तीन मुले तीन गावांत स्थायिक व्हावीत तसा हा प्रकार. मराठीत वर्तमानाची जागा अशी रिकामी झाली, तेथे ‘करत’ या धातुसाधितापासून तयार झालेले ‘करतो, करते’ येऊन बसले. धातुसाधित हे विशेषणासारखे असते, म्हणून त्याला लिंग असते. ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ हा भेद मराठीत आला तो या वाटेने. गुजरातीच्या ‘करुं छुं’ मध्ये जुना आख्यात प्रत्यय टिकल्यामुळे पुरुष आणि स्त्री दोघेही ‘हुं करुं छुं’ असेच म्हणतात. खानदेशातून आलेल्या मुलाच्या घरी अहिराणी असेल तर तेथेही ‘तो करस’ आणि ‘ती करस’ असे एकच रूप त्याने ऐकलेले असते. त्यामुळे ‘ती करतो’ असे लिहिणाऱ्या मुलाला लिंग समजत नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

असे स्थलांतर फक्त आपल्याच भाषांत होते असे नाही. स्पॅनिशमध्ये ‘करणे’ या अर्थाचे क्रियापद ‘आसेर’. त्याचे ‘इसिएरा’ हे रूप आज ‘जर त्याने केले तर’ अशा संकेताच्या अर्थाने वापरतात. हे रूप लॅटिनच्या ‘फेकेरात’ पासून आले आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता ‘त्याने केले होते’. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये त्याचा भाऊ ‘फिझेरा’ हा आजही, विशेषतः लेखनात, ‘केले होते’ असाच अर्थ देतो. सुरतेच्या दक्षिणेला असलेले दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते, म्हणजे ही दोन भावंडांची गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. स्पॅनिश शिकणाऱ्या पोर्तुगीज माणसाला या जागी जी ठेच लागते, तीच कामरेजच्या मुलाला ‘करतो’पाशी लागते.

भविष्यकाळात लिंगाचा हिशोब पुन्हा उलटा होतो. मराठीत ‘मी करीन’, ‘तो करील’, ‘ती करील’. येथे लिंगभेद नाही. गुजरातीत ‘हुं करीश’, ‘ए करशे’, येथेही नाही. उर्दूत मात्र ‘करूँगा’ आणि ‘करूँगी’. कारण उर्दूच्या भविष्यात ‘करूँ’ या मुज़ारेला ‘गा’ जोडलेला आहे आणि हा ‘गा’ मुळात ‘गेला’ या अर्थाचे धातुसाधित आहे. धातुसाधित आले की लिंग आले. (स्पॅनिशचा ‘आरे’, म्हणजे ‘मी करीन’, हा भविष्यकाळही मूळ क्रियापदाला सहायक क्रियापद चिकटून तयार झाला, पण ते सहायक धातुसाधित नसल्यामुळे तेथे लिंग नाही.) मराठी घरातली मुलगी उर्दूत ‘मैं करूँगा’ लिहिते, तेव्हा तिची चूक या एका गोष्टीने समजावता येते. ‘करीन’ की ‘करेन’ हा मराठीतला वाद येथे लांबवण्याचे कारण नाही. नियमाप्रमाणे सकर्मक धातूला ‘करीन, करील’ आणि अकर्मकाला ‘बसेन, बसेल’, पण ‘करेन, करेल’ बोलण्यात आणि छापील मजकुरातही रुळले आहे. जपायचे ते ‘श’पासून. गुजराती ‘करीश’ प्रामुख्याने ‘मी’चा, मराठी ‘करशील’ मात्र ‘तू’चा.

सर्वांत गमतीचा, आणि वर्गात सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग नकाराचा आहे. मराठीत ‘तो करतो, ती करते’ असा होकारात लिंगभेद आहे. नकारात तो नाहीसा होतो : ‘तो करत नाही’, ‘ती करत नाही’. गुजरातीत बरोबर याच्या उलट. होकारात ‘ए करे छे’ दोघांना एकच. नकारात ‘ए करतो नथी’, ‘ए करती नथी’. उर्दूत दोन्हीकडे लिंग राहते : ‘करता है’, ‘नहीं करती’. त्यातही मराठीचे न बदलणारे ‘करत’ हे रूप गुजरातीत स्वतंत्रपणे उभे आहे, पण संकेतार्थात : ‘हुं करत’ म्हणजे ‘मी केले असते’. गुजराती माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने ‘ती करती नाही’ असे मराठी लिहिले, तर त्यात निष्काळजीपणा नाही. आपल्या भाषेचा नियम त्याने काटेकोरपणे पाळलेला आहे.

विध्यर्थातही असेच एक रूप दोन कामांना लागले आहे. संस्कृतातील ‘कर्तव्य’ या शब्दात जो ‘तव्य’ आहे त्यापासून मराठीचा ‘करावे’ झाला, आणि त्याच ‘तव्य’पासून गुजरातीचा ‘करवुं’. पण ‘करावे’ हा अर्थ आहे : ‘त्याने काम करावे’, ‘तिने तयारी करावी’. ‘करवुं’ हे नुसते क्रियापदाचे नाव आहे, गुजराती शब्दकोशात क्रियापद याच रूपाखाली सापडते. म्हणून ‘मारे काम करवुं छे’ याचे मराठी ‘मला काम करावे आहे’ असे होत नाही. ‘मला काम करायचे आहे’ असे होते. उर्दूत या जागी ‘मुझे काम करना है’. उर्दूचे ‘करना’ आणि मराठीचे ‘करणे’ मात्र एकाच जातीचे, दोन्ही क्रियेचे नाव सांगणारे. आज्ञार्थात विशेष काही नाही. मराठीचे ‘कर, करा’, गुजरातीचे ‘कर, करो’ आणि पुढच्या वेळेसाठी ‘करजे, करजो’, उर्दूचे ‘कर, करो, कीजिए’. मराठीत ‘कीजिए’च्या जोडीचे वेगळे रूप आज प्रचारात नाही, आदर ‘करा’ किंवा ‘करावे’ यावर भागवावा लागतो, इतके सांगितले की पुरे.

खरा कस लागतो तो भूतकाळात. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, हे तिन्ही भाषांत समान आहे : ‘मी तयारी केली’, ‘मैंने तैयारी की’, ‘में तैयारी करी’. परंतु कर्माला प्रत्यय लागला की तिघींच्या वाटा फुटतात. शिक्षकाने वर्गात मुलीला उभे केले, हेच वाक्य घ्यावे. उर्दू : ‘मैंने लड़की को खड़ा किया’. ‘को’ आला, क्रियापदाने लिंग सोडले, ते पुल्लिंग एकवचनात स्थिरावले. मराठी : ‘मी मुलीला उभे केले’. येथेही लिंग सुटले, पण मराठीला नपुंसकलिंग असल्यामुळे रूप तेथे गेले. गुजराती : ‘में छोकरीने ऊभी करी’. ‘ने’ लागूनही क्रियापद मुलीलाच धरून राहिले. गुजरातीलाही नपुंसकलिंग आहे, तरी ती त्याचा आश्रय येथे घेत नाही. म्हणून कामरेजच्या मुलाच्या वहीत ‘मी मुलीला उभी केली’ हे वाक्य सापडते.

कर्त्याच्या बाबतीत उर्दू शिकवणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. मराठीचा ‘मी’ ‘मी करतो’ मध्ये तोच आणि ‘मी केले’ मध्येही तोच. ‘ने’ दिसतो फक्त ‘त्याने’, ‘तिने’, ‘रामाने’ येथे. उर्दूत ‘मैं’चे ‘मैंने’ व्हावे लागते, गुजरातीत ‘हुं’चे ‘में’. मराठीच्या सवयीने विद्यार्थी ‘मैं काम किया’ असे लिहितो. दखनी बोलीतही ‘मैं किया’ असेच म्हणतात, त्यामुळे काहींना हे घरातूनच आलेले असते, आणि मग दोन कारणे एकाच चुकीत मिसळतात.

अध्यापकांनी आपापली व्याकरणे शेजारी ठेवून पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले आणि मौलवी अब्दुल हक यांचे ‘क़वायद-ए-उर्दू’ १९१४ साली. अंतर अवघे तीन वर्षांचे, पण परंपरा वेगळ्या. उर्दूत भूतकाळाची नावे फारसी-अरबी पद्धतीने अर्थावरून पडली : ‘किया’ माज़ी-ए-मुतलक़, ‘किया है’ माज़ी-ए-क़रीब, ‘किया था’ माज़ी-ए-बईद, ‘करता था’ माज़ी-ए-इस्तिमरारी. मराठी परंपरेत अर्थावरून पडलेल्या नावांबरोबर प्रत्ययावरून पडलेली नावेही आहेत : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात. विद्यार्थ्यांना ही नावे रुक्ष वाटतात व बरीच पुस्तके आता ती गाळतात. कामरेजसारख्या ठिकाणी मात्र तीच अधिक कामाची. ‘करी’ला रीतिभूतकाळ म्हटले की उर्दूच्या ‘करे’शी असलेले नाते झाकले जाते; ई-आख्यात म्हटले की रूप वेगळे आणि त्याचे काम वेगळे, हे आपोआप दिसते. रॉबर्ट ड्रमंड यांनी मुंबईत १८०८ साली गुजराती, मराठी व इंग्रजी यांची व्याकरणरूपे एकाच पुस्तकात मांडली होती. आपल्या वर्गात तीन भाषा आहेत, पाठ्यपुस्तके मात्र एकेका भाषेची.

मराठीचे एक रूप मात्र असे आहे की ज्याला उर्दूत किंवा गुजरातीत जोडीदार नाही. ‘तू भाकरी केलीस.’ येथे ‘केली’ हे भाकरीकडे पाहून स्त्रीलिंगी झाले आणि शेवटचा ‘स’ ‘तू’साठी आला; एकाच क्रियापदाने कर्म आणि कर्ता दोघांचीही नोंद घेतली. ‘तुम्ही भाकरी केलीत’ यातला ‘त’ही तसाच. उर्दूत ‘तूने रोटी की’ किंवा ‘तुमने रोटी की’, क्रियापदाला कर्त्याची खबर नाही. गुजरातीत ‘तें रोटली करी’, ‘तमे रोटली करी’, तेथेही नाही. मराठी बोलण्यात हा ‘स’ आता पुष्कळदा गळतो, त्यामुळे उर्दू व गुजराती घरांतल्या मुलांना तो कानावर पडतच नाही. तो फक्त पुस्तकात आणि परीक्षेच्या प्रश्नात भेटतो.